मेनफ्रेमवर सिस्टिम बदलणाऱ्या कमांडी कोणी मारल्या ते ऑडिटरला दाखवायचं कसं?

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)

नमस्कार मंडळी. मी चिपळुणात घरी बसून युरोपातल्या एका क्लायंटचं झेडओएस (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा मूळ भाग म्हणजे एमव्हीएस) सिस्टिम प्रोग्रामिंगचं काम बघतो. त्यांच्या बाहेरच्या ऑडिटरने यादी धाडलीये, मागच्या तिमाहीत सिस्टिमची रचना बदलणाऱ्या जेवढ्या कमांडी गेल्या, म्हणजे सेटप्रॉग, सेट, सेटएसएमएफ, कॉन्फिग, व्हॅरी वगैरे, त्या प्रत्येकीला माणूस कोण, वेळ काय, चेंज नंबर कुठला आणि बदलायच्या आधी काय होतं ते दाखवा.

नमुना म्हणून एकच उचलली. गणपतीतल्या एका रात्री कोणीतरी एपीएफच्या यादीत, म्हणजे ज्यांतल्या प्रोग्रामांना सिस्टिमचे खास अधिकार मिळतात त्या लायब्ररींच्या यादीत, एक लायब्ररी चढवली. सिसलॉगमधे (सिस्टिमची रोजनिशी) ओळ सापडली, सुरुवातीला एनसी म्हणजे ऑपरेटरने दिलेली कमांड, मग सिस्टिमचं नाव, ज्युलियन तारीख, वेळ, आणि मग कन्सोलचं नाव आणि पुढे अख्खी सेटप्रॉग एपीएफ,ॲड. बरं वाटलं, पण ते कन्सोलचं नाव म्हणजे आमचा इमर्जन्सीवाला सामायिक आयडी, एसडीएसएफमधून (लॉग आणि जॉब बघायचं टूल) तिरकी रेघ देऊन कमांड मारली की कन्सोलला आयडीचंच नाव पडतं ना. गणपतीत अर्धी टीम सुट्टीवर, उरलेले दोघं आलटून पालटून तोच आयडी वापरत होते, आता दोघंही म्हणतायत मी नव्हतो.

मग म्हटलं रॅकएफकडे, म्हणजे परवानग्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, तरी असेल. तर एसएमएफच्या (सिस्टिमच्या घडामोडींच्या नोंदी) टाइप ८० रेकॉर्डात, जिथे रॅकएफ लिहितं, त्या वेळेला काहीच नाही! ओपरसीएमडीएस क्लास (ऑपरेटर कमांडींचे नियम) चालू आहे, एमव्हीएस.सेटप्रॉगची प्रोफाइल (त्या कमांडीचा नियम) आहे, यूएसीसी नन आहे म्हणजे आपोआप कोणालाच परवानगी नाही, परवानगी मोजक्याच लोकांना आहे. मग नोंद का नाही?

आणि एक, पावसात इथली लाइट आणि फायबर दोन्ही कधी जाईल सांगता येत नाही, कमांड टाइप करून एंटर मारला आणि सेशन मेलं तर ती गेली की नाही हे पण मला त्या लॉगवरूनच बघायचं असतं, त्यामुळे हे प्रकरण माझ्यासाठी नुसतं ऑडिटपुरतं नाहीये.

हर्णैचा_काका

अरे नोंद नाही कारण कमांड यशस्वी झाली. रॅकएफमधे प्रोफाइल बनवताना ऑडिटचं काही सांगितलं नाहीस तर ती आपणहून फेल्युअर्स(रीड) घेते, म्हणजे ज्याला परवानगी नाही तो आपटला तरच लिहायचं. आमच्या बंदरात परत पाठवलेल्या होड्याच तेवढ्या वहीत लिहिल्या आणि खोल पाण्यात गेलेल्या लिहिल्याच नाहीत तर जसं होईल तसं आहे ते. तुझ्या त्या माणसाला परवानगी होती, तो गेला, नोंद शून्य. यात बिघाड काही नाही, रॅकएफ १९७६ सालचं आहे, तेव्हा चिंता परक्या माणसाची होती, चावी हातात असलेल्या घरच्या माणसाची एवढी नव्हती.

आता करायचं काय, तर आरऑल्टर ओपरसीएमडीएस एमव्हीएस.सेटप्रॉग ऑडिट(ऑल(रीड)), आणि त्यानंतर सेटरॉप्ट्स रॅकलिस्ट(ओपरसीएमडीएस) रिफ्रेश (आरऑल्टर प्रोफाइल बदलते, सेटरॉप्ट्स रॅकएफचे एकंदर पर्याय). रिफ्रेश विसरायचं नाही, प्रोफाइल मेमरीत असतात, तू डेटाबेसमधे बदललंस तरी चालू सिस्टिम जुनीच प्रत वाचत बसते आणि दोन आठवड्यांनी तू परत इथे येऊन विचारशील की काका अजून नोंद का नाही.

मग एसएमएफ ८० मधे यूझर आयडी, ग्रुप, रिसोर्सचं नाव, कुठली परवानगी मागितली आणि कुठली होती हे सगळं येतं. कमांडचा अख्खा मजकूर मात्र वाचायचा तो सिसलॉग नाहीतर ओपरलॉगमधूनच (अनेक सिस्टिमचा एकत्र लॉग), त्यामुळे दोन्ही वेळेवर आणि सिस्टिमच्या नावावर जुळवायला लागतं. आणि डी सी,एचसी मारून बघ, हार्डकॉपीला (कायमच्या लॉगला) कमांडी सगळ्या जातायत का, कन्सोलएक्सएक्समधे (कन्सोलची सेटिंग) सीएमडीलेव्हल(सीएमडीएस) आहे ना. काही जुन्या ठिकाणी तिथे नोसीएमडीएस सापडतं आणि कोणाला पत्ताच नसतो. सेशन मेल्यावर कमांड गेली का तो तुझा प्रश्न पण तिथेच सुटतो.

ऑडिटर जेवढं मागतोय त्यातलं सेटरॉप्ट्स आणि आरव्हॅरीचं (रॅकएफचा डेटाबेस चालू-बंद करणारी कमांड) तुला फुकट मिळेल, ते दोन रॅकएफ नेहमीच लिहितं, कोणी बंद करू म्हटलं तरी होत नाही.

देवगड_रेंज_नाही

काका एवढ्या प्रोफाइल कशाला एक एक बदलायच्या, सेटरॉप्ट्स लॉगऑप्शन्स(ऑलवेज(ओपरसीएमडीएस)) एकदा मारलं की पूर्ण क्लासची प्रत्येक कमांड नोंदली जाते, पास असो नाहीतर नापास, प्रोफाइलमधे काय लिहिलंय ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे हेच आहे आणि ऑडिट दरवर्षी सुटतं.

हर्णैचा_काका

सुटत असेल, पण नोंदी वाचतो का कोणी? डिस्प्ले कमांड पण त्याच क्लासमधे येते रे. ऑटोमेशन दर मिनिटाला डी हे आणि डी ते मारत असतं, मॉनिटरिंग टूल मारतं, शिफ्टवाला पोरगा झोप येऊ नये म्हणून मारतो. त्या ढिगात सेटप्रॉग शोधायचं. मी तरी एमव्हीएस.डिस्प्ले.** ला फेल्युअर्सच ठेवीन आणि बदल करणाऱ्यांना ऑल: एमव्हीएस.सेट.**, एमव्हीएस.सेटप्रॉग, एमव्हीएस.सेटएसएमएफ, एमव्हीएस.कॉन्फिग.**, एमव्हीएस.ॲक्टिव्हेट, एमव्हीएस.व्हॅरी.**, एमव्हीएस.फोर्स.**. जेईएस२ (जॉब आणि त्यांची छपाई सांभाळणारा भाग) चं वेगळं, तिकडे जेईएस२.मॉडिफाय.** बघायचं, डॉलर टी मारून लोक इनिशिएटरपासून स्पूलपर्यंत काय काय फिरवतात आणि ते एमव्हीएसच्या प्रोफाइलला शिवत सुद्धा नाही.

देवगड_रेंज_नाही

डिस्प्लेचा मुद्दा मान्य, पण प्रोफाइल प्रोफाइलने केलं की उद्या नवी प्रोफाइल बनवणारा ऑडिट लिहायचं विसरतो हे पण आहेच ना.

पेणची_ऑडिटर

मी टेबलाच्या पलीकडची, म्हणजे तुम्हाला या याद्या धाडणाऱ्यांपैकी. दोघांचंही बरोबर आहे, पण मला याहून दुसरीच काळजी असते. काकांनी सांगितलेला ऑडिट(ऑल(रीड)) हा प्रोफाइलचा मालक लावतो, म्हणजे मालकच तो काढू पण शकतो. मध्यरात्री प्रोफाइलचं ऑडिट नन करा, रिफ्रेश मारा, काम उरका, परत पहिल्यासारखं करून ठेवा. म्हणून मी ग्लोबलऑडिट(ऑल(रीड)) आहे का ते विचारते. तो ज्याच्याकडे ऑडिटर ॲट्रिब्यूट आहे त्यालाच लावता येतो, मालकाने आपला ऑडिट काहीही केला तरी ग्लोबलऑडिटचं लिहिणं चालूच राहतं.

मग लगेच पुढचा प्रश्न, स्पेशल (रॅकएफचे पूर्ण अधिकार) आणि ऑडिटर एकाच आयडीवर आहेत का? निम्म्या ठिकाणी असतात, "सोयीचं पडतं" म्हणून. वेगळे केले तरी स्पेशलवाला स्वतःला ऑडिटर देऊ शकतोच, ते अडवता येत नाही, पण सेटरॉप्ट्स सऑडिट चालू असेल तर स्पेशलवाल्याची बदल करणारी प्रत्येक रॅकएफ कमांड लिहिली जाते, त्यात स्वतःला ऑडिटर देणारी ऑल्टयूझर पण आलीच. आम्ही नेमकी तीच ओळ शोधतो. ज्याला नुसतं बघायचंय त्याला झेडओएस २.२ पासून आरओऑडिट आहे, पूर्ण ऑडिटर देऊ नका. आणि सेटरॉप्ट्स लिस्टचा स्क्रीनशॉट पाठवताना ऑडिटर नसलेल्या आयडीचा पाठवू नका हो, ऑडिटच्या ओळी त्यात दिसतच नाहीत आणि मग आमचं तुमचं मेलवर मेल सुरू.

वाशिष्ठीकाठी, तुमच्या त्या सामायिक आयडीबद्दल: आधी ऑल्टयूझर अमुक यूऑडिट करा, त्या आयडीने केलेल्या रॅकएफ कमांडी आणि रॅकएफला विचारून झालेले ॲक्सेस सगळे नोंदले जातील. पण त्यामागचा माणूस कोण हे त्यातून कधीच कळणार नाही. त्याला पासवर्ड सही करून बाहेर काढायचा, एका वेळेला एकाकडे, काम झालं की लगेच बदलायचा, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. गणपतीतल्या त्या रात्रीचं सांगायचं तर आता जे नाही ते नाही, अहवालात स्पष्ट लिहा की माणूस ठरवता येत नाही, या तारखेपासून हे हे बदललं. ओढूनताणून एकाचं नाव लावून पाठवलंत तर मी तरी तिथेच थांबून अजून खणायला घेते.

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)

ताई आणि काका, दोघांचेही आभार, ग्लोबलऑडिटचं टीममधे कोणालाच माहीत नव्हतं. सिक्युरिटीवाल्यांना मेल टाकलाय.

अजून दोन गाठी आहेत. एक, आमच्या बऱ्याच कमांडी ऑटोमेशनमधून जातात, माणूस तिकडे मेन्यूवर बटण दाबतो आणि एमव्हीएसला दिसतो तो ऑटोमेशनचा आयडी. दोन, "बदलायच्या आधी काय होतं" ते लॉगमधे कसं मिळणार? सेटप्रॉगच्या ओळीत नवं काय घातलं तेवढंच आहे.

कुडाळ_नाक्यावर

आधी काय होता ता लॉगात गावाचा नाय रे बाबा. कमांड म्हणजे हुकूम, तेच्यात जुन्या किमतीचो हिशोब कशाक आसतलो. (आता सरळ लिहितो नाहीतर अर्ध्यांना कळायचं नाही.)

आम्ही असं करतो, रोज पहाटे एक जॉब डी प्रॉग,एपीएफ, डी प्रॉग,लिंकलिस्ट, डी प्रॉग,एक्झिट, डी पार्मलिब, डी आयपीएलइन्फो, डी एसएमएफ,ओ एवढं मारून उत्तरं एका जीडीजीत (जुन्या प्रती राखणारा फाइलसंच) ठेवतो आणि कालच्याशी ताडून बघतो. सुपरसी (फाइली ताडून बघणारा प्रोग्राम) आहेच, वेगळं टूल विकत घ्यायची गरज नाही. फरक निघाला की त्याच्यासमोर लॉगमधली कमांड आणि चेंज नंबर लागलाच पाहिजे. फरक आहे पण कमांड नाही असं झालं तर खरी गंमत. बहुतेक वेळा मधे आयपीएल (सिस्टिम नव्याने सुरू करणं) झालेलं असतं.

कारण माझ्या मते सगळ्यात मोठी फट कमांडीत नाहीच आहे, ती पार्मलिबमधे, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीत, आहे. प्रॉगएक्सएक्सच्या मेंबरमधे (लायब्ररीतली एक फाइल) एक ओळ एडिट करून सेव्ह केली, कमांड एकपण नाही, ओपरसीएमडीएसला सुगावा नाही, आणि पुढच्या आयपीएलला लायब्ररी ऑथराइज्ड होऊन बसते. तिथे डेटासेटच्या प्रोफाइलवर ऑडिट(सक्सेस(अपडेट) फेल्युअर्स(रीड)) पाहिजे. रीडला पण सक्सेस लावू नका, पार्मलिब वाचणारे शंभर असतात. आणि रॅकएफचं रेकॉर्ड सांगतं डेटासेट उघडला, कुठला मेंबर लिहिला ते नाही सांगत. पीडीएसई (लायब्ररीचा नवा प्रकार) असेल तर एसएमएफ टाइप ४२ मधे मेंबर बदलल्याची, काढल्याची नोंद मिळते.

ऑटोमेशनचं: प्रॉडक्टचा स्वतःचा लॉग असतो, माणसाचा आयडी तिथे, कमांड इकडे, दोघांना वेळेवर शिवायचं, किचकट आहे पण होतं. आम्ही एक सोपी सवय लावलीये, मोठा बदल करायच्या आधी एमव्हीएसची लॉग कमांड मारायची, एल 'चेंज नंबर अमुक, अमुकच्या वतीने', ते वाक्य जसंच्या तसं सिसलॉगमधे बसतं, त्याच्या खालीच खरी कमांड. ऑटोमेशनच्या स्क्रिप्टमधे पण पहिली ओळ तीच घातलीये. शोधताना एवढं बरं पडतं म्हणून सांगू. पुरावा म्हणून कच्चं आहे, कारण लिहिणारा काय वाटेल ते लिहील, पण पेणच्या ताईंसारखे लोक समोर बसले की पाच मिनिटात ओळ काढून दाखवता येते.

पेणची_ऑडिटर

पाच मिनिटात काढून दाखवणारे मला भेटत नाहीत, कुडाळला यायला लागेल असं दिसतंय 😄 लॉगवाली ओळ चालेल मला, पण फक्त धागा म्हणून, पुरावा एसएमएफचाच. आणि एपीएफसाठी फॅसिलिटी क्लासमधल्या सीएसव्हीएपीएफच्या प्रोफाइल पण बघा, प्रोग्रामातून यादी बदलणारे त्या वाटेने येतात, कन्सोलवर काही टाइप होत नाही त्यात.

हर्णैचा_काका

एसएमएफवर एवढा भरवसा ठेवताय तर तेच आधी तपासा. एसएमएफपीआरएमएक्सएक्समधे (एसएमएफच्या सेटिंगचा मेंबर) सिस(...) मधे नोटाइपच्या यादीत कोणी ८० टाकून ठेवला असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. सबसिस(एसटीसी,...) वेगळं लिहिलेलं असेल तर ते सिसवाल्याच्या वर चढतं, ते वेगळं बघायचं, तिथे हमखास जुनं काहीतरी पडलेलं असतं. मग आयईएफयू८३, ८४, ८५ हे एक्झिट, म्हणजे मधे घुसवता येणारे आपले प्रोग्राम. त्यांना रेकॉर्ड लिहायच्या आधी हातात मिळतं आणि "लिहू नको" असं सांगता येतं. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी डिस्क वाचवायला लिहिलेला एक्झिट आजही चालू असतो, सोर्स कुठे ते कोणाला ठाऊक नाही.

टाइप ९० पण गोळा करा, सेट एसएमएफ, सेटएसएमएफ, सेट टाइम असल्या कमांडींची नोंद सिस्टिम स्वतःच तिथे करते, रॅकएफला विचारत नाही. आणि टाइप ७ दिसला तर समजायचं मधला डेटा हरवलाय, तेव्हा कन्सोलवर आयईई९७९डब्ल्यू येऊन गेलेलं असतं. बफर भरले तर सिस्टिम थांबवायची की नोंदी सोडून पुढे जायचं हे नोबफ्स(हॉल्ट) की नोबफ्स(एमएसजी) वर ठरतं. बँकवाले बोलताना हॉल्ट म्हणतात, लिहिताना एमएसजी लिहितात. मला तरी त्यात चूक वाटत नाही, फक्त ते कोणीतरी सही करून मान्य केलेलं असावं.

देवगड_रेंज_नाही

किती दिवस ठेवायचं हे सगळं? आमच्याकडे टेपवर जातं आणि नंतर देवाक काळजी.

पेणची_ऑडिटर

भारतातली सिस्टिम असेल तर सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस तरी हवेत. कार्डाचा डेटा असेल तर पीसीआय डीएसएस (कार्डांचं सुरक्षा मानक) वर्षभराचं मागतं, त्यातले तीन महिने हाताशी. परदेशी क्लायंटचं त्यांच्या करारात बघा. टेप चालेल, पण मागितल्यावर वाचता आली पाहिजे.

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)

अपडेट देतो. ग्लोबलऑडिट लागलं, रिफ्रेश झालं, सऑडिट आधीपासून चालूच होतं. आयएफएएसएमएफडीपीमधे (एसएमएफ उतरवून घेणारा प्रोग्राम) यूझर२ ला आयआरआरएडीयू००, यूझर३ ला आयआरआरएडीयू८६ लावून एसएमएफ साध्या मजकुरात उतरवतोय आणि सिस१.सॅम्पलिबमधल्या आयआरआरआयसीईवरून आइसटूलचे (नोंदी गाळून रिपोर्ट काढणारं टूल) रिपोर्ट बनवले, उदाहरणं चांगली आहेत त्यात, नव्याने काही लिहावं लागलं नाही.

वेळेचं मात्र डोकं उठलं. एसएमएफच्या हेडरमधली वेळ तिथली स्थानिक, ओपरलॉग ग्रीनिचच्या वेळेत पण बघता येतो, तिकिटाचं सॉफ्टवेअर यूटीसी, आणि मी बसलोय साडेपाच तास पुढे. वर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप घड्याळ मागे घेतं म्हणजे तो एक तास लॉगमधे दोनदा येतो, दोन ते तीनच्या मधली कमांड पहिल्या फेरीतली की दुसऱ्या, कसं सांगणार! शेवटी त्या तासापुरतं ओपरलॉगच ग्रीनिच वेळेत काढून जुळवायचं ठरवलंय.

आता अडचण ही की पहिल्या रिपोर्टात बहुतेक ओळी ऑटोमेशनने टेप ड्राइव्ह ऑनलाइन ऑफलाइन केल्याच्या आहेत. टेपच्या व्हॅरीला वेगळी प्रोफाइल काढून तिचं ऑडिट कमी करू का?

देवगड_रेंज_नाही

हो, एमव्हीएस.व्हॅरी.डेव्ह वेगळी काढ आणि तिला फेल्युअर्सवर टाक, सुटलास.

कुडाळ_नाक्यावर

नको नको. रिसोर्सचं नाव एमव्हीएस.व्हॅरी.डेव्ह एवढंच असतं, त्यात टेप की डिस्क ते येत नाही. टेपचा गोंगाट बंद करायला गेलास तर उद्या कोणी डिस्क ऑफलाइन केली ती पण गप्प. नोंद सगळी होऊ दे, आइसटूलमधे ऑटोमेशनचा आयडी आणि व्हॅरी.डेव्ह अशी जोडी ओमिट कर.

पेणची_ऑडिटर

आणि ओमिट केलेल्या ओळींची संख्या रिपोर्टच्या खाली रोज छापा. एखाद्या दिवशी ती एकदम चौपट झाली तर गाळलेलं पण उघडून बघायचं.

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)

करतो. पार्मलिबच्या प्रोफाइलचं ऑडिट सोमवारच्या चेंजमधे घातलंय, तोपर्यंत लाइट राहिली तर.